नंदादीप आणि तांबडा ठिपका

देवघरातला नंदादीप रात्रभर जळतो आणि बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीवरचा तांबडा ठिपकाही रात्रभर जळतो. रिमोटने टीव्ही बंद केला की घर निजते. टीव्ही निजत नाही. पुन्हा केव्हा हुकूम होईल म्हणून तो कान टवकारून बसतो आणि या जागरणापायी थोडीथोडी वीज खात राहतो. नंदादीपाला आपण उधळपट्टी म्हणत नाही. मग या ठिपक्यालाच का म्हणावे?

"एवढ्याशा विजेचा कसला हिशेब?" असे कोणी म्हणेल. तरी करून पाहू. १ वॅट वर्षभर अखंड जळला तर पावणेनऊ युनिटे होतात. टीव्हीजवळच्या पुष्कळ जुन्या सेट-टॉप पेट्या 'बंद' असतानाही १० वॅटच्या आसपास वीज घेतात. अशी पेटी १ कोटी घरांत आहे असे धरले, तर अष्टौप्रहर १०० मेगावॅट झाले. त्यासाठी कोळसा जळतो तो चंद्रपूर-कोराडीसारख्या ठिकाणी. धूर आणि राख तिथल्या लोकांच्या वाट्याला येते, आपल्याकडे येते ते फक्त बिल.

अर्थात तारतम्यही हवे. आजचा चांगला चार्जर नुसता लावून ठेवला तर पाव वॅटही घेत नाही. तो काढून ठेवल्याच्या समाधानात रात्रभर एसी चालवणे म्हणजे मुंगी धरून हत्ती सोडणे होय.

शिवाय सगळा दोष घरच्या माणसांवर का टाकावा? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये असे सुचवले की, उपकरणाला ताटकळत राहण्यासाठी १ वॅट पुरे. युरोपीय संघाने २०१० पासून तशी मर्यादा कायद्याने घातली आणि २०१३ मध्ये ती आणखी निम्म्यावर आणली. यंत्रे सुधारली, कोणाची सोय बुडाली नाही. म्हणजे आधीची नासाडी गरजेपोटी नव्हती; कोणी तिकडे पाहिलेच नव्हते, इतकेच!

मला वाटते, भेद इथेच आहे. नंदादीपात कोणीतरी रोज तेल घालते, वात पुढे सारते. तो कशासाठी जळतो हे तिला ठाऊक असते. तांबड्या ठिपक्याला असा धनी नाही. खर्च मोठा म्हणून तो अपव्यय ठरत नाही. कोणाच्या ध्यानीमनी नसताना होतो, म्हणून ठरतो. दिवाळीत पणत्या हव्या तेवढ्या लावाव्यात. निजताना मात्र भिंतीवरचे बटणही दाबावे.