न विचारता दिलेली गोळी

वसईच्या पाचूबंदरात घराला घर लागून आहे. रात्री कुणाला उलटी झाली तर आवाज भिंतीपलीकडे जातो आणि पाण्याचा तांब्या पोचायच्या आत शेजारून गोळी येते. "घे गं बाय, माझ्याकडे आहे, लगेच थांबेल." या शेजारधर्माला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. रात्रीअपरात्री ज्याचं दार वाजवता येईल असा शेजार आता वसईतही कमी होत चालला आहे. पण आपण दुसऱ्याच्या पोटात काय घालतो आहोत हे ठाऊक नसताना केलेल्या मदतीला चांगुलपणा म्हणायचं का, एवढाच या आठवड्याचा प्रश्न आहे.

या गोळीला घराघरांत नाव नसतं. उलटीची, पित्ताची, गॅसची, एवढीच तिची ओळख. अर्धी वापरलेली पट्टी फ्रिजवर, पाकिटात नाहीतर बोटीवरच्या डब्यात पडलेली असते. पट्टी उलटी करून वाचलं तर बहुधा डॉमपेरिडोन निघेल. 1974 साली बेल्जियमच्या यान्सेन कंपनीत तयार झालेलं हे औषध मेंदूजवळच्या उलटीची सूचना देणाऱ्या जागेला गप्प करतं आणि जठराला हलवून अन्न पुढे ढकलतं. औषध चांगलं आहे. उलट्यांनी हैराण झालेल्या माणसाच्या पोटात घोटभर पाणी टिकू लागतं, तेव्हा त्याची किंमत कळते.

बंदरावरच्यांसाठी एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगायला हवी. बोट लागू नये म्हणून कुणी ही गोळी खिशात टाकत असेल तर तिचा उपयोग नाही. बोट लागणं पोटातून सुरू होतच नाही. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग एक सांगतो, डोळे दुसरं सांगतात, त्या गोंधळातून ते ढवळणं येतं. त्यासाठी सिनारिझिनसारख्या वेगळ्या गोळ्या आहेत आणि त्यांनी झोप येते. डोल जाळं ओढणाऱ्याला पेंग परवडत नाही, तेव्हा तेही डॉक्टरला आपलं काम सांगूनच ठरवावं.

आता सकाळी उपाशीपोटी घ्यायची पित्ताची कॅप्सूल पाहा. पाकिटावरचं बारीक अक्षर उजेडात धरून वाचा. पँटोप्राझोल 40 मिलिग्रॅम, आणि त्याखालच्या ओळीत पुष्कळदा डॉमपेरिडोन 30 मिलिग्रॅम. युरोपच्या औषध नियामकांनी 2014 साली सगळा पुरावा तपासून मोठ्या माणसांसाठी डॉमपेरिडोनला मर्यादा घातली: एका वेळी 10 मिलिग्रॅम, दिवसभरात फार तर 30, आणि साधारणपणे आठवड्याहून जास्त दिवस नाही. म्हणजे ती एकच कॅप्सूल दिवसाचा सगळा वाटा संपवते. आपल्याकडे ती वर्षानुवर्षं चालू असते. पहाटे उठून पाटी भरणारी, रिकाम्या पोटी चहावर चहा पिणारी आणि दुपार कलल्यावर जेवणारी बाई पित्ताने हैराण होणारच. कॅप्सूलने पित्त दबतं, दिनक्रम बदलत नाही, म्हणून कॅप्सूलही सुटत नाही. आणि त्याच बाईला रात्री उलटी झाली की शेजारची गोळी तिच्यात आणखी भर घालते.

भर पडली तर काय होतं? बहुतेकांना काहीच होत नाही, आणि हीच अडचण आहे. त्यामुळे सगळ्यांना वाटतं की गोळी निरुपद्रवी आहे. पण हे औषध रक्तात वाढलं की हृदयाचा एक ठोका संपवून दुसऱ्यासाठी सावरायला लागणारा वेळ लांबतो आणि क्वचित ठोका असा भरकटतो की माणूस जागच्या जागी कोसळतो. साठीपुढच्यांना आणि दिवसाला 30 मिलिग्रॅमच्या वर घेणाऱ्यांना हा धोका अधिक. शिरेतून द्यायचं याचं इंजेक्शन 1980च्या दशकातच अशा मृत्यूंमुळे मागे घेतलं गेलं. अमेरिकेत तर या औषधाला विक्रीची मंजुरीच नाही. (अमेरिका करते ते सगळं शहाणपणाचंच असतं असं नव्हे, पण यामागे कारण आहे.)

त्यात आपल्या बंदराची एक खास भर. ओल्या कपड्यांत तासन्‌तास काम केल्यावर जांघेत नायटा होतो. त्यावर हल्ली इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल कित्येक आठवडे दिल्या जातात. यकृतातल्या ज्या वाटेने डॉमपेरिडोनचा निचरा होतो तीच वाट इट्राकोनाझोल अडवतं. मग गोळी 10 मिलिग्रॅमचीच घेतली तरी रक्तात तिची पातळी कितीतरी वाढते. ही दोन औषधं एकत्र द्यायचीच नाहीत असा नियम आहे. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तसंच. आता सांगा, जांघेतल्या नायट्याची गोष्ट शेजारणीला कोण सांगणार? आणि गोळी देताना ती तरी कशी विचारणार?

उलटी थांबवण्याची घाई आणखी एका ठिकाणी नडते. मधुमेह असलेल्या, वयस्क माणसाला घाम फुटून मळमळायला लागलं, छातीखाली जड वाटलं, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. मधुमेह्यांच्या छातीत दर वेळी कळ येतेच असं नाही. अशा वेळी गॅसची गोळी देऊन "पड जरा" म्हणणं म्हणजे मोलाचे तास घालवणं. पोट फुगून कडक झालं असेल, उलटीत रक्त असेल, तिथेही जठराला पुढे ढकलणारी गोळी अपायच करील.

मेटोक्लोप्रमाइड हे डॉमपेरिडोनचं भावंड अधिक खोडकर आहे. ते मेंदूत शिरतं. एखाद्या तरुण मुलाची किंवा मुलीची मान इंजेक्शननंतर काही तासांत एका बाजूला वळते, डोळे वर चढतात, जीभ बाहेर येते. घरचे घाबरतात, कुणी म्हणतं झपाटलं, कुणी म्हणतं फिट आली. खरं तर तो त्या औषधाचाच परिणाम असतो आणि दवाखान्यात योग्य इंजेक्शन मिळालं की बहुधा थोड्याच वेळात उतरतो. पण आधी काय दिलं होतं हे डॉक्टरला कुणीतरी सांगावं लागतं. पट्टी फेकून दिलेली असेल तर कोण सांगणार?

पाचूबंदरच्या ख्रिस्ती घरांत भल्या शमरोन्याची गोष्ट लहान मुलालाही पाठ असते. त्याने जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. जखमीला उतारशाळेत नेलं, रात्रभर जवळ राहिला, दुसऱ्या दिवशी पैसे देऊन काळजी घ्यायला सांगितलं आणि परत येतो म्हणाला. औषध ओतणं हा त्या मदतीतला सगळ्यात छोटा भाग होता. आपण नेमका तेवढाच उचलला आहे.

सगळा दोष शेजारणीच्या माथी मारणंही बरोबर नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने देशातल्या 13 मोठ्या रुग्णालयांतल्या 4,838 चिठ्ठ्या तपासल्या गेल्या. 2024मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातल्या 475 चिठ्ठ्यांतल्या चुका स्वीकारण्याजोग्या नव्हत्या, आणि विनाकारण लिहिलेल्या औषधांत पँटोप्राझोल आणि रॅबेप्राझोल-डॉमपेरिडोनची जोडी आघाडीवर होती. मोठ्या रुग्णालयांतले डॉक्टरच सवयीने लिहितात, काउंटरवरचा दुकानदार चिठ्ठी न मागता देतो, आणि अज्ञानाचा ठपका मात्र वस्तीवर. हे मला अन्यायाचं वाटतं. ज्याला जास्त कळतं त्याची जबाबदारी जास्त.

तरी आपल्या हातात आहे तेवढं आपण करू या. गोळी देण्याआधी विचारा: वय किती, हृदयाचं किंवा यकृताचं दुखणं आहे का, आणखी कोणती औषधं चालू आहेत? उत्तर नीट मिळत नसेल तर गोळीऐवजी सोबत द्या, रिक्षा बोलवा, दवाखान्यात बरोबर जा. बारा वर्षांखालच्या मुलाला ही गोळी किंवा थेंब स्वतःहून मुळीच देऊ नका. त्याला चमच्या-चमच्याने ओआरएस पाजा, आणि ते टिकत नसेल किंवा मूल मलूल दिसलं तर डॉक्टर गाठा. आणि तुमची स्वतःची पित्ताची कॅप्सूल महिनोन्‌महिने चालू असेल, तर पुढच्या वेळी घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि ही कधी थांबवायची ते विचारा.