पाय धुतले, आणि खरंही सांगितलं

आजचं वाचन : योहान १३:१-३८



हा अध्याय आपण बहुतेक वेळा गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी ऐकतो. नम्रतेचा धडा घेतो आणि पुढे जातो. आज एका गोष्टीपाशी जरा थांबू या. येशूने कमरेला रुमाल बांधला, शिष्यांचे पाय धुवायला घेतले, तेव्हा यहूदा इस्कार्योत अजून तिथेच बसलेला होता. तो बाहेर पडला तिसाव्या वचनात. म्हणजे थोड्या वेळाने जे पाय विश्वासघाताच्या वाटेला लागणार होते, तेही येशूने धुतले. आणि हे सगळं माहीत असताना!

पण याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, ती आपण विसरतो. एकविसाव्या वचनात येशू व्याकूळ होतो आणि सर्वांसमोर स्पष्ट सांगतो की तुमच्यातलाच एक जण मला धरून देणार आहे. त्याने दुःख लपवलं नाही. काही झालंच नाही असं नाटक केलं नाही. सेवा केली आणि सत्यही बोलला. दोन्ही एकाच रात्री, एकाच जेवणात.

आपली गडबड इथेच होते. आपल्याला वाटतं, प्रेम करायचं म्हणजे गप्प बसायचं. नाहीतर खरं बोलायचं आणि संबंधच तोडायचे.

मी कोयनानगरचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आमच्याकडे अजून घराघरात बोलला जातो. त्या धक्क्याने धरणाला तडे गेले. इंजिनिअर लोकांनी वरून गिलावा मारून तडे झाकले नाहीत, आणि धरण सोडूनही दिलं नाही. तडे कुठे आहेत ते शोधलं, भरले, आणि पुढे भिंतीला मागून काँक्रीटचा आधार दिला. धरण आजही पाणी अडवून उभं आहे. नात्याला तडा गेला तर आधी तो तडा आहे हे मान्य करावं लागतं. दुरुस्ती त्यानंतरची.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण घ्या. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण ख्रिस्ती लोक ही गोष्ट आनंदाने सांगतो. पण लक्ष्मीबाईंच्या बाजूने बघा ना! त्या काळची ब्राह्मण घरातली बाई, पदरात लहान मुलगा, आणि संसार एका दिवसात मोडलेला. पुढची चार-पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. नंतर त्या अहमदनगरला आल्या, पण लगेच सगळं मान्य करून नाही. सुरुवातीला आपलं सोवळं-ओवळं सांभाळूनच राहिल्या. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला, स्वतःच्या मनाला पटलं तेव्हा. आणि ‘स्मृतिचित्रे’ वाचलं तर दिसतं, त्यांनी ते दुःख लपवलेलं नाही आणि टिळकांवरची माया पण लपवलेली नाही. प्रेमाने परत जवळ येता येतं, आणि तरीही स्वतःची मर्यादा राखता येते.

आता माझ्यापुरतं सांगतो. एका जुन्या नोकरीत शेजारी बसणाऱ्या मित्राने माझं काम स्वतःच्या नावावर दाखवलं होतं. डबा एकत्र खायचो आम्ही. गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला. नोकरी गेलीये, घरात लहान बाळ आहे, तुमच्याकडे नाव पुढे करशील का? रोमकरांस १२:२० मधला भुकेला शत्रू असा एकदम बायोडेटा घेऊन समोर येईल असं वाटलं नव्हतं. दोन दिवस प्रार्थना केली. मग त्याला फोन केला. आधी तेव्हा जे झालं आणि जे लागलं ते शांतपणे बोललो. नंतर नाव पुढे केलं. त्याला जे चांगलं येतं तेवढंच लिहिलं, खोटं काही नाही. तो बदललाय की नाही, मला माहीत नाही.

आणि ते माहीत असायची अट येशूनेही घातली नव्हती. पाय धुतले म्हणून यहूदा बदलला नाही, तो रात्रीच्या अंधारात निघून गेला. पेत्रानेही नाकारलं, पण तो परत आला. दोघांचे पाय एकाच घंगाळातल्या पाण्याने धुतले गेले होते. म्हणजे समोरचा काय करेल यावर आपलं प्रेम ठरत नाही. विश्वास परत मिळवणं हे त्याचं काम आहे, त्याला वेळ लागेल. प्रेम करणं मात्र आपलं काम. (जिथे मारहाण किंवा जिवाला धोका आहे तिथे आधी सुरक्षित जागी जा, मदत मागा. दूर राहूनही प्रार्थना करता येते.)

एक लक्षात घ्या, एकमेकांवर प्रीती करायची नवी आज्ञा येशूने दिली ती यहूदा बाहेर पडल्यानंतर. जखम ताजी असताना.

आज एवढंच करा : ज्याचं नाव आलं की छातीत कळ येते, त्याचं नाव घेऊन एक मिनिट प्रार्थना करा.

प्रार्थना : प्रभू येशू, तुला सगळं ठाऊक होतं तरी तू वाकलास. मला खरं बोलायचं धैर्य दे, आणि वाकायची कृपा दे. आमेन.