बाविसाव्या ओळीपर्यंत

निवांत बसा. डोळे मिटायची गरज नाही. समोर एक उभा कागद आहे एवढं धरून चला. वरच्या कडेला एकाला एक चिकटून बारा चौकोन. बारीक काळी रेघ, आत काही नाही. त्यांच्यावरून नजर सावकाश न्या.

आता खालची ओळ. मग तिच्याखालची. एखादा चौकोन किंचित कललाय, की नुसता भास होतोय? थांबा तिथे. अशा बावीस ओळी आहेत. खाली यावं तसे चौकोन कलतात, जागा सोडतात, एकमेकांवर चढतात. तळाशी ओळ अशी उरतच नाही. चौकोनांची खडी कुठे झाली? बोट ठेवा. मग एक ओळ वर सरका आणि खात्री टिकते का बघा.

जर्मनीत एर्लांगेनला सीमेन्समध्ये काम करणाऱ्या गेऑर्ग नेस यांनी १९६८च्या सुमारास हे चित्र संगणकाकडून काढून घेतलं. नावही ‘शॉटर’, म्हणजे खडीच. प्रोग्रॅम थोडक्यात असा: प्रत्येक चौकोनाचं कलणं आणि सरकणं यदृच्छ आकड्यावर सोडायचं, पण त्या आकड्याला मिळणारी मोकळीक ओळीगणिक वाढवत न्यायची. या मोकळिकीपाशी रेंगाळा. कुठला चौकोन कुठे पडेल हे नेस यांनी ठरवलं नाही. किती ढळू द्यायचं, ते ठरवलं. चित्रकाराचा हात मला तिथे दिसतो. (आणि यदृच्छ म्हटलं तरी हे आकडे हिशेबातूनच येतात. सुरुवातीचा आकडा तोच दिला, तर खडी पुन्हा तशीच्या तशी सांडते.)

आता तळापासून वर चला. कडा जुळतात, रांगा लागतात. आजची चित्र काढणारी बरीच एआय मॉडेल्स साधारण याच दिशेने जातात: आधी नुसता ठिपक्यांचा गोंधळ, मग तुमच्या शब्दांना धरून तो टप्प्याटप्प्याने कमी करत जायचं.

‘हा चौकोन एवढाच का कलला?’ याचं उत्तर नेस यांच्या कागदावर एका आकड्यात मिळतं. एआयच्या चित्रातल्या एका रेघेचं कारण कोट्यवधी आकड्यांत विखुरलेलं असतं. मला यात कमीपणा वाटत नाही. पण मोकळीक किती, हे तिथे कोण ठरवतं? शब्द लिहिणारा? मॉडेल घडवणारा? की ज्यांची चित्रं त्याला शिकवायला वापरली, ते? एकेकापाशी थांबा. तिसऱ्यांपाशी जरा जास्त वेळ बसा. त्यांच्यातल्या बहुतेकांना कुणी विचारलंच नव्हतं.