बारा अक्षरांचा फॉन्ट

खुर्ची ओढ आणि बस. लॅपटॉप मिटव. काल ज्युरीत मी गप्प बसलो, कारण बाहेरचे पाहुणे होते आणि चारचौघांत मुलाचा पाणउतारा करणं मला पटत नाही. आज मात्र बोलणार आहे, आणि माझं होईपर्यंत तू मध्ये तोंड उघडायचं नाहीस.

पाच पोस्टर आणलीस. कापडी पिशवी आणलीस, मग आणलास, स्टिकर वाटलेस. फॉन्टचं बारसं झालंय, त्या नावाचा लोगोसुद्धा तयार आहे. पहिल्याच स्लाईडवर ठळक लिहिलंस, ‘माझा ओरिजिनल देवनागरी टाईपफेस’. सगळे गेल्यावर मी तुझी फाईल उघडली. त्यात तुझ्या हातची अक्षरं बारा. मोजून बारा! पोस्टरवरच्या ओळीला जी लागत होती तेवढीच. बाकीची वर्णमाला एका मोफत फॉन्टमधून उचललेली, जाडी थोडी वाढवलेली, टोकं गोल केलेली. मला कळणार नाही असं तुला वाटलं? तुझा ‘ळ’ आणि त्या फॉन्टचा ‘ळ’ मी छापून काचेच्या टेबलावर एकावर एक ठेवले. खालून दिवा लावला. वळणावरचा एकेक बिंदू जागच्या जागी बसला.

त्या फॉन्टचा परवाना खुला आहे हे तू सांगशील. तो परवाना तू वाचलेला नाहीस, मी वाचलाय. त्यात बदल करायची मुभा आहे, पण मूळ कर्त्याच्या हक्काची नोंद तशीच ठेवायची, नवा फॉन्ट त्याच परवान्याखाली सोडायचा आणि त्यांनी एखादं नाव राखून ठेवलं असेल तर ते वापरायचं नाही. यातलं काहीच तू केलं नाहीस. उलट त्याच्यावर स्वतःचं नाव घातलंस. आपल्या भाषेत याला चोरी म्हणतात, आणि मी तुला हा शब्द तोंडावर सांगतोय, कारण पुढे दुसऱ्या कुणी सांगितला तर तुझं काम बंद पडेल.

पण चोरीपेक्षाही मला राग आला तो पुढच्या गोष्टीचा. तुझ्या फॉन्टमध्ये मी एक साधं वाक्य टाईप केलं. ‘दुसऱ्या दिवशी आचाऱ्यांना बोलावलं.’ हे बघ, छापून आणलंय. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’ तुझ्याकडे नाहीच. खाली टिंब असलेला र, त्याचा पाय मोडलेला, आणि त्याच्या शेजारी सुटा य. नुसते आकार उचललेस, आकारांना जोडणारे नियम मागेच राहिले. मराठी लिहिणाऱ्या माणसाला हा चंद्रकोरीसारखा अर्धा र दिवसातून किती वेळा लागतो, याचा कधी विचार केलास? तो नसला की लोक नाइलाजानं रफार देतात, आणि स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना बोलावलेलं असताना कागदावर आचार्यांना आमंत्रण जातं. हिंदीला त्याची गरज नाही. आपल्याला आहे. मराठी मुलानं मराठीसाठी काढलेल्या फॉन्टमध्ये मराठीचंच अक्षर नसावं?

‘ल’ आणि ‘श’ यांचंही तेच. राज्य शासनानं २००९ साली निर्णय काढून मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणं ठरवून दिली, त्यात आपला ‘ल’ आणि आपला ‘श’ आहेत. फॉन्टच्या आत मराठीसाठी वेगळी खूण ठेवून ही दोन्ही वळणं देता येतात, हे मी वर्गात दोनदा दाखवलं. तू तेव्हा मागच्या बाकावर बसून मगचं डिझाईन करत होतास.

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. टाईपकेसच्या एका खणात काना, एका खणात मात्रा, एका खणात अर्धी अक्षरं, आणि हात न बघता त्या त्या खणात जायचा. एखाद्या अक्षराचा खिळा संपला की सगळा फर्मा अडून बसायचा. एकदा लग्नपत्रिकांच्या दिवसांत ‘ळ’ संपले. वडील भर दुपारी सायकल हाणत गावातल्या दुसऱ्या छापखान्यात गेले आणि त्याच फेसचे मूठभर ‘ळ’ कागदाच्या पुडीत बांधून उसने घेऊन आले. मी लहान होतो, ती पुडी मी हातात धरली होती. एका अक्षरावाचून कुणाच्या तरी घरचं कार्य खोळंबतं, हे मला तेव्हा कळलं. तू मला बारा अक्षरं दाखवतोस आणि त्याला टाईप म्हणतोस.

‘सर, हा डिस्प्ले फेस आहे,’ असं तू काल पाहुण्यांना म्हणालास. मग दुकानाच्या पाटीवर ‘राष्ट्रीय’ लिहायचं नाही का? ‘वाङ्मय’ नको? ‘उद्ध्वस्त’, ‘ब्राह्मण’, ‘कर्तृत्व’, ‘चिन्ह’? पाटी रंगवणाऱ्याला गिऱ्हाईक जे नाव सांगेल ते काढावं लागतं. तू मात्र सोपे शब्द निवडून अवघड अक्षरं टाळलीस. द ला ध कसा टेकतो, ह च्या पोटात म कसा बसतो, र आणि उकार एकत्र आले की उकार कुठे जातो, हे सगळं तू टाळलंस. या धंद्यातली खरी मेहनत तिथेच असते.

इथे तुझा एक मोठा घोटाळा आहे आणि तो तुला आज समजलाच पाहिजे. अक्षरलेखन वेगळं, टाईप वेगळा. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं काढली. प्रत्येक नावाचा स्वभाव बघून त्या नावापुरतं अक्षर घडवलं, कारण कोणत्या अक्षराशेजारी कोणतं अक्षर येणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं. टाईप काढणाऱ्याला ते ठाऊक नसतं. त्याच्या ‘क’शेजारी उद्या कोण येऊन बसेल, वर रफार आणि अनुस्वार एकदम येतील की खाली दीर्घ उकार लोंबेल, कुणास ठाऊक. पहिल्या वेलांटीची कमान ‘र’वर आखूड लागते, ‘क’वर लांब आणि ‘स्थिती’च्या ‘स्थ’वर आणखी लांब, म्हणून तिचे अनेक आकार करावे लागतात. तुझ्याकडे वेलांटी एकच आहे. ‘स्थिती’त ती अर्ध्यातच लटकते, दंडापर्यंत पोचतच नाही.

आता तुझ्या ‘ओरिजिनल’ कल्पनेकडे येऊ. तू शिरोरेषा काढून टाकलीस आणि बंड केल्यासारखं सांगितलंस. गुजरातीत शिरोरेषा नाही, पण तिथे क, च, ज, फ यांची वळणंही वेगळी आहेत. तिथली लिपी रेषेवाचून उभी राहायला शिकली आहे. तू नुसती रेषा पुसलीस आणि खालची अक्षरं होती तशीच ठेवलीस. हे तुझंच पान बघ. दहा पॉइंटात छापलंय. इथे काय लिहिलंय, ‘घर’ की ‘धर’? सांग ना! तुलाही सांगता येत नाही. ‘ध’ची रेषा डावीकडे तुटते आणि ‘घ’ची तुटत नाही, म्हणून वाचणाऱ्याच्या डोळ्याला पटकन उमगतं. ‘भ’ आणि ‘म’चंही तसंच. ती तूट म्हणजे सजावट नव्हे, तो अक्षराचा अर्थ आहे. तो तू पुसलास.

आणि तुझा ‘ठ’. तो तू इंग्रजी ‘ओ’वरून केलास, बरोबर? मान हलवू नकोस, दिसतंय. आपला बोरू इंग्रजी निबाच्या उलट तिरका कापतात. त्यामुळे गोलाईत इंग्रजीला जिथे जाड येतं तिथे आपल्याला बारीक येतं. तुझ्या ‘ठ’चं वजन नको त्या कुशीला गेलंय आणि अक्षर कलंडल्यासारखं दिसतंय. बोरू हातात घेऊन दहा पानं लिहिली असतीस तर ही चूक तुझ्या हातून झालीच नसती. डोळ्याआधी बोटांना कळलं असतं.

जावजी दादाजी पोरवयात मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाईप घासायच्या कामावर होते. त्याच माणसानं पुढे निर्णयसागर छापखाना उभा केला, १८६९ साली. निर्णयसागरचा टाईप कोरला राणोजी रावजी आरू यांनी. पोलादाच्या तुकड्याच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, तो ठसा तांब्यात ठोकायचा, त्या साच्यात शिसं ओतायचं. कोरताना हात घसरला तर तुकडा फुकट, पुन्हा पहिल्यापासून. त्या टाईपात छापलेले संस्कृत ग्रंथ पंडित अजून जपून ठेवतात. र. कृ. जोशी आधी कवी, सुलेखनकार आणि शिक्षक होते. अक्षर हातात मुरल्यावर त्यांनी संगणकासाठी ‘मंगल’ फॉन्ट केला, आणि कचेरीतल्या अर्जापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत किती मजकूर त्यात लिहिला गेला. त्यांचं नाव त्या अर्जावर कुठेही नसतं. कुणी विचारतही नाही. टाईप काढणाऱ्याचं काम हे असं असतं. तुला ते जमणार आहे का, याचा विचार कर. मी हे चिडून म्हणत नाही, खरंच विचार कर.

बापूराव नाईक यांचे देवनागरी टाइपोग्राफीवरचे तीन खंड भाषा संचालनालयानं १९७१ साली काढले. आपल्या लायब्ररीत आहेत. मी काल संध्याकाळी नोंदवही बघून आलो. सोळा आठवड्यांत तू एकदाही ते घेतलेले नाहीस. संदर्भ म्हणून तू परदेशी पोस्टरांची चाळीस चित्रं लावलीस, त्यात देवनागरीचा एक दंडसुद्धा नाही. गल्लीतल्या जुन्या पाट्या, पंचांग, आजीच्या पोथ्या, एसटीवरचे फलक, हे सगळं तुझ्या नाकासमोर आहे.

मार्क मी दिलेले नाहीत. तो रकाना मी रिकामा ठेवलाय आणि विभागप्रमुखांना कळवलंय की हा मुलगा पुन्हा सादर करील. पिशव्या आणि मग घरी ने. फॉन्टचं नाव फाईलमधून काढ. उचललेलं प्रत्येक अक्षर आज रात्री पुसून टाक, माझ्यासमोर बारा राहू देत. खोट्या चारशेंपेक्षा खरी बारा मला चालतील.

त्या बारांतला एक ‘ह’ आहे. काल पोस्टरवर तो बघताना मी थांबलो. मधल्या वळणातून खाली उतरताना तू हात सैल सोडलायस आणि शेपटी वळवताना पुन्हा आवळलायस. ते कुठून उचललेलं नाही, मी शोधून पाहिलं. ते तुझं आहे. तो ‘ह’ नसता तर मी तुला इथे बसवून तासभर घसा कोरडा केला नसता, सरळ नापासाचा शेरा मारून मोकळा झालो असतो.

सोमवारी आठ वाजता ये, स्टुडिओ उघडायच्या आधी. लॅपटॉप आणू नकोस. बोरू आण, चाकू आण, काळी शाई आण, कापणी कशी करायची ते मी दाखवीन. पहिले पंधरा दिवस फक्त दंड आणि गाठ. आणि तो ‘ह’ तळहाताएवढा मोठा काढून आण. त्याच्यातून ‘ड’ आणि ‘इ’ कसे निघतात ते बघू.