जुना दाखला, नवी अडचण

विमानांचे आणि क्षेपणास्त्रांचे काही भाग धातूचे नसतात. रेझिनमध्ये भिजलेल्या तंतूंचे थर एकावर एक रचून ते ऑटोक्लेव्ह नावाच्या अवाढव्य दाबभट्टीत भाजावे लागतात. भट्टी तासन्‌तास चालते, त्यामुळे एका खेपेत जमतील तेवढे भाग आत घालायचे. पण कोणता भाग कोणाच्या शेजारी आहे यावर उष्णता कुठे किती पोचणार हे ठरतं, आणि मांडणी फसली की महागाचा माल भंगारात जातो. कॅलिफोर्नियात सनीव्हेल इथल्या लॉकहीडच्या कारखान्यातल्या जाणत्या माणसांना ही मांडणी साधत असे. नियम काय म्हणून विचारलं, तर सांगता येत नसे. त्यांच्याजवळ होती ती पूर्वी जमलेल्या मांडण्यांची रेखाटनं. नवा माल आला की जवळचं रेखाटन काढायचं आणि थोडा फेरफार करायचा. १९९० पासून तिथे वापरात आलेल्या ‘क्लॅव्हिअर’ या प्रणालीने हीच रीत उचलली.

कृत्रिम बुद्धिमत्तेत हिला केस-बेस्ड रीझनिंग, म्हणजे दाखल्यावरून तर्क, म्हणतात. सत्तरच्या दशकातल्या तज्ज्ञप्रणाली, उदाहरणार्थ स्टॅनफर्डमधली ‘मायसिन’, डॉक्टरांकडून एकेक नियम काढून घेत शेकड्यांनी नियम जमवत. ते काम जिकिरीचं होतं. येल विद्यापीठातल्या रॉजर शँक यांनी १९८२च्या ‘डायनॅमिक मेमरी’ या पुस्तकात वेगळी बाजू मांडली: माणसाला नवं काही समजतं, ते जुनं काही आठवल्यामुळे. पुढे १९९४ मध्ये आमोत आणि प्लाझा यांनी या पद्धतीच्या चार पायऱ्या सांगितल्या. जुना दाखला शोधा, तो वापरा, चुकलं तर दुरुस्त करा, आणि शिकलेलं साठवून ठेवा. अभ्यासकांच्या तोंडी ही चौकडी आजही असते. माझं म्हणणं असं की आपण पहिल्या दोन पायऱ्यांचं फार कौतुक केलं, आणि बुद्धी मात्र राहते पुढच्या दोन पायऱ्यांत.

हे नीट दिसतं ते क्रिस्टियन हॅमंड यांच्या ‘शेफ’ या १९८६च्या सुमाराच्या प्रणालीत. तिच्याकडे सेचुआन पद्धतीच्या चिनी पदार्थांच्या कृती साठवलेल्या होत्या. तिला सांगितलं, बीफ आणि ब्रोकोलीची परतलेली डिश कर. तिला सापडली बीफ आणि फरसबीची कृती. तिने फरसबीच्या जागी ब्रोकोली घातली, ती चिरण्याची पायरी जोडली आणि कृती पूर्ण केली. प्रणालीतच स्वयंपाकाची एक नक्कल चालत असे. त्या नकलेत ब्रोकोली मऊ पडली. खरी गंमत इथून पुढे. ‘शेफ’ने कारणांची साखळी मागे मागे तपासली: मांस परतताना त्याला पाणी सुटतं, ते पाणी कढईत राहतं, आणि त्याच कढईतली ब्रोकोली त्या पाण्यात शिजते. मग उपाय ठरला, दोन्ही वेगवेगळं परतायचं आणि शेवटी एकत्र करायचं. (ब्रोकोलीऐवजी भेंडी असती तर हॅमंडना आणखी एक प्रबंध लिहावा लागला असता.)

पुढे कोंबडी आणि कोवळ्या मटारशेंगांची डिश करायची वेळ आली. सामानाची यादी पाहिली तर कोंबडीचाच एखादा पदार्थ जवळचा वाटावा. ‘शेफ’ने आधी अडचणीचा अंदाज घेतला. मांस आणि कुरकुरीत राहायला हवी अशी भाजी एकत्र आली, म्हणजे तोच घोळ होणार. म्हणून तिने बीफ-ब्रोकोलीची सुधारलेली कृती काढली. एकदा कारण कळल्यावर ‘सारखं’ म्हणजे काय याचं मापच बदललं होतं. अपयश आणि त्याची मीमांसा साठवणीत नसती, तर हा दाखला सापडलाच नसता.

कोर्टकचेरीतल्या माणसाला हे निराळं सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे, असं आपल्या राज्यघटनेचं कलम १४१ सांगतं. तरीही रोज कोणीतरी वकील उभा राहून म्हणतोच, की मायलॉर्ड, त्या निवाड्यातली वस्तुस्थिती वेगळी होती. केव्हिन अ‍ॅशली आणि एडविना रिसलँड यांच्या ‘हायपो’ या प्रणालीने व्यापारी गुपितांच्या खटल्यांत हेच केलं. एका बाजूसाठी सर्वांत जवळचा निवाडा काढायचा, मग दुसऱ्या बाजूने तो का लागू नाही हे दाखवायचं किंवा उलटा निवाडा पुढे करायचा, आणि त्यावर पुन्हा पहिल्या बाजूचं उत्तर. साम्याइतकाच फरकही तिथे कामाचा होता. या पद्धतीची एरवी फार स्तुती होते, की ती आपला आधार उघड दाखवते. ते खरं आहे, पण अपुरं. दाखला दाखवला म्हणजे तो का लागू पडतो हे सांगितलं असं होत नाही.

प्रत्यक्ष धंद्यात उतरलेल्या बऱ्याच प्रणालींनी शोधण्यापुरतं काम घेतलं आणि जुळवाजुळव माणसावर सोडली. तक्रार निवारण केंद्रांना तेवढं पुरत होतं. २०२० नंतर मोठ्या भाषा-मॉडेलांना दस्तऐवजांची जोड देण्याची रीत बोकाळली, तीही याच वळणाची. प्रश्न आकड्यांच्या लांबलचक यादीत बदलायचा आणि त्याला जवळचे उतारे साठ्यातून काढून मॉडेलपुढे ठेवायचे. पण ‘पाऊस पडल्यावर पंप बंद पडतो’ आणि ‘पाऊस थांबल्यावर पंप बंद पडतो’ यांत एका शब्दाचाच फरक. पहिल्या तक्रारीत वायरीत ओल शिरलेली असू शकते, दुसरीत विहिरीचं पाणी तळाला गेलेलं. शब्दांच्या जवळिकीवरून आलेला उतारा भलताच निघाला, तर तो भलता का निघाला याची नोंद सहसा कुठे होत नाही. उद्या तोच प्रश्न आला की तोच उतारा पुन्हा वर येतो.

म्हणजे सगळंच साठवावं का? तसंही नाही. दाखले वाढले की शोध मंदावतो, म्हणून काही काढून टाकावेच लागतात. सोपा मार्ग म्हणजे जे फारसे वापरात नाहीत ते पुसणं. १९९५ मध्ये बॅरी स्मिथ आणि मार्क कीन यांनी या सोप्या मार्गातला धोका दाखवला. ज्याचं काम दुसरा एखादा दाखला करू शकतो, तो आधी जाऊ द्यावा. ज्या अडचणीला साठ्यात दुसरं उत्तरच नाही, तिचा दाखला अगदी शेवटपर्यंत राखावा, मग तो वर्षातून एकदा का लागेना. असे दाखले ओळखायचे तर प्रत्येक दाखला कोणकोणत्या अडचणी सोडवू शकतो हे ठाऊक असावं लागतं. तो किती वेळा उघडला गेला, या मोजणीतून ते कळत नाही.