हाताला काय ठाऊक असते?

शिकवण्याचा अधिकार करून दाखवल्याने मिळतो, असे आपण धरून चालतो. गवयाने आधी मैफल गाजवावी, पैलवानाने कुस्ती मारावी, मग शिष्य गोळा करावेत. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे आपण शिकणाऱ्याला सांगतो. पण शिकवणाऱ्याचीही परीक्षा त्यावरूनच करतो. या समजुतीविषयी मला शंका आहे आणि ती ज्यांच्यामुळे आली, ते स्वतः अव्वल पोहणारे होते.

जेम्स काउन्सिलमन यांचा जन्म १९२० चा. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाकडून ते पोहले आणि ब्रेस्टस्ट्रोकमध्ये राष्ट्रीय विजेते झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बॉम्बफेकी विमान चालवले, परतल्यावर डॉक्टरेट मिळवली आणि १९५७ पासून १९९० पर्यंत इंडियाना विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून काम केले. १९६८ ते १९७३ अशी सलग सहा वर्षे त्यांचा संघ महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेत अजिंक्य राहिला. मार्क स्पिट्झ हा त्यांचाच विद्यार्थी. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये स्पिट्झने सात सुवर्णपदके जिंकली, ती सारी फ्रीस्टाइल आणि बटरफ्लाय पोहून. गुरूचा स्वतःचा ब्रेस्टस्ट्रोक त्यात कुठेच नव्हता.

मग गुरूने दिले काय? काउन्सिलमन यांनी स्वतःच्या अनुभवावर विसंबण्याऐवजी कॅमेरा पाण्याखाली नेला. फ्रीस्टाइलमध्ये हात पाण्यातून सरळ मागे ओढायचा, अशी तेव्हाची शिकवण होती आणि पोहणाऱ्यांचीही तशीच समजूत असे. अंधारात हातांना लुकलुकणारे दिवे बांधून चित्रण केले, तेव्हा दिव्यांनी वळणावळणाची रेघ काढली. हात आत येत होता, बाहेर जात होता. विजेत्यांचे हात एक करत होते आणि तोंड दुसरेच सांगत होते. म्हणजे एखादी गोष्ट उत्तम येणे वेगळे आणि ती आपण कशी करतो हे ठाऊक असणे वेगळे. निव्वळ अनुभवावर शिकवणारा पुष्कळदा जे करतो ते शिकवत नाही; आपण करतो असे त्याला जे वाटते, ते शिकवतो.

इथवर ठीक. पण याच वाटेवर एक धोका आहे. 'तुझ्या अंगाला काय होते, ते तुझ्यापेक्षा मला जास्त कळते,' असे म्हणण्याची मुभा एकदा प्रशिक्षकाला मिळाली, की तो कुठे थांबणार? महाविद्यालयातली मुले अठरा-वीस वर्षांची असतात. खांदा दुखतो म्हणणाऱ्या मुलालाही मग हेच ऐकवता येते. अनुभवाच्या जागी विज्ञान आणून बसवले, म्हणून हुकूमशाही जात नाही. फार तर तिच्या हातात स्टॉपवॉच येते.

मला यातली वाट काउन्सिलमन यांच्या चुकीत सापडते. त्या वळणाचे स्पष्टीकरण त्यांनी बर्नुलीच्या तत्त्वात शोधले. विमानाचा पंख जसा हवेत उचलला जातो, तसा पंजा पाण्यात तिरका फिरून शरीराला पुढे नेतो, असे त्यांचे म्हणणे. ते कितीतरी वर्षे मान्य होते. पुढच्या संशोधकांनी मात्र पाणी मागे रेटण्यालाच अधिक महत्त्व दिले आणि बर्नुलीचा आधार मागे पडला. प्रशिक्षकाचा सिद्धांत लंगडा निघाला. पण दिव्यांची रेघ खोटी ठरली नाही. ती जशी गुरूला दिसली, तशी शिष्यालाही दिसू शकत होती आणि उद्या गुरूला खोडून काढणाऱ्यालाही.

शिकवण्याचा अधिकार मला तिथे दिसतो. तो 'मी केले आहे' यात नाही, 'मला कळते' यातही नाही. दोघांना मिळून पाहता येईल असे काहीतरी मधे ठेवण्यात तो आहे. ते मधे असले, की शिष्याला 'मला असे दिसत नाही' म्हणता येते. आपल्या गुरु-शिष्य परंपरेत निष्ठा भरपूर आहे. हे वाक्य उच्चारायला जागा मात्र फार थोडी ठेवलेली आहे. लेखनाच्या कार्यशाळेपासून संशोधनाच्या मार्गदर्शकापर्यंत ही अडचण सगळीकडे सारखीच.

मग करून दाखवण्याला काहीच अर्थ नाही का? १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये काउन्सिलमन अमेरिकेच्या पुरुष संघाचे प्रशिक्षक होते आणि त्या संघाने तेरापैकी बारा शर्यती जिंकल्या. त्यानंतर त्यांना कुणाला काही पटवून द्यायचे उरले नव्हते. तरी १९७९ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते इंग्लिश खाडी पोहून गेले. तेरा तासांहून अधिक वेळ त्या थंड पाण्यात त्यांचे हात चालू होते. त्यामुळे त्यांचा अधिकार वाढला असे मला वाटत नाही. पण दुसऱ्यांच्या हातांकडे आयुष्यभर पाहणाऱ्या माणसाने आपल्याही हातांना अधूनमधून पाण्यात ठेवावे, हे मला योग्य वाटते. थंडी कशी वाजते, ते चित्रणात दिसत नाही.