गावाची अब्रू कशात आहे?

बेळगावहून निपाणीकडे निघालं की महामार्गावर वंटमुरी लागतं. डिसेंबर २०२३ मध्ये, १० तारखेची रात्र उलटल्यावर, तिथल्या एका बेचाळीस वर्षांच्या आईला घरातून ओढून काढलं. विवस्त्र करून फिरवलं आणि विजेच्या खांबाला बांधून मारलं. तिचा मुलगा एका मुलीला घेऊन निघून गेला होता आणि त्या मुलीचं लग्न दुसरीकडे ठरत होतं. मुलगा-मुलगी एकाच समाजाची. इथे जात आडवी आली नव्हती. मुलीने स्वतःचं स्वतः ठरवलं, एवढंच सहन झालं नव्हतं.

अब्रूच्या नावाखाली होणाऱ्या हिंसेकडे आपण बहुतेक वेळा जातीच्या चष्म्यातून पाहतो. त्याला कारणही आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या लिंगायत घरांत कल्याणची (आजच्या बसवकल्याणची) कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. बाराव्या शतकात, समाजसुधारक बसवण्णांच्या काळात, ब्राह्मण मधुवरसांची मुलगी आणि चांभार हरळय्यांचा मुलगा यांचं लग्न झालं. परंपरा सांगते की बिज्जळ राजाने दोघांच्याही बापांना देहदंड दिला. तेव्हा सत्ता जातीच्या पाठीशी उभी होती.

सत्तेने ही बाजू बदलल्याचं ठळक उदाहरण निपाणीपासून तासाभरावरच्या कोल्हापुरात सापडतं. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली आणि त्याच वर्षी स्त्रियांच्या घरगुती छळाविरुद्धही कायदा केला. घरातली मारहाण ही घरचीच बाब आहे, हे त्यांनी मान्य केलं नाही. १९२५ मध्ये डॉ. आंबेडकर निपाणीच्या बहिष्कृत परिषदेला आले. पुढे १९३६ मध्ये त्यांनी जातिनिर्मूलनाचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहच मांडला. मात्र या साऱ्या वाटचालीत लग्न हा प्रामुख्याने दोन समाजांमधला प्रश्न राहिला. त्या लग्नातल्या मुलीचं मत काय, हे विचारायची वेळ पुढे यायची होती.

ती वेळ बेळगाव जिल्ह्यातल्याच एका प्रकरणात ठळकपणे आली. महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका तरुणीने घरी न सांगता दिल्लीला जाऊन लग्न केलं. वडिलांनी ती बेपत्ता असल्याची तक्रार दिली. लग्नाचा दाखला हाती येऊनही पोलीस तिला मुरगोड ठाण्यात येऊन जबाब दे म्हणत राहिले. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. ८ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की दोन सज्ञान माणसांची संमती पुरेशी आहे. घराची, भावकीची, समाजाची परवानगी लागत नाही. निकालात आंबेडकरांच्या त्याच विचाराचा दाखलाही आला. याच न्यायालयाने २०१८ मध्ये अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे, प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि चोवीस तास मदतवाहिनी असावी, असे निर्देश दिले होते. शिक्षा करणारी सत्ता आधी मान्यता देणारी झाली आणि आता संरक्षण हे तिचं कर्तव्य ठरलं.

वंटमुरीने या विचाराला आणखी पुढे ढकललं. कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा मुख्य न्यायमूर्ती होते निपाणीत जन्मलेले प्रसन्न वराळे. न्यायालयाला हल्लेखोरांइतकेच गप्प उभे राहिलेले बघे खुपले. एक माणूस तिला सोडवायला धावला, त्यालाही मार बसला. बाकीचे पाहत राहिले. गावाच्या या सामुदायिक भित्रेपणाची जबाबदारी गावावरच टाकली पाहिजे, असं न्यायालयाने सुनावलं.

मला या विषयातलं हेच सर्वांत मोलाचं वळण वाटतं. ‘आमच्या घराचं नाक कापलं’ असं म्हणत माणसं हात उगारतात, कारण गाव आपल्या बाजूने आहे याची त्यांना खात्री असते. ती खात्री मोडणं हे अशा हिंसेविरुद्धच्या कोणत्याही मोहिमेचं पहिलं काम आहे. सीमाभागात ते अधिक निकडीचं आहे. इथली भावकी आणि सोयरीक दोन्ही राज्यांत पसरलेली आहे. जोडपं निपाणीतून कोल्हापुरात पोहोचलं तरी पाठलाग थांबत नाही. पोलीस मात्र हद्दीचं कारण पुढे करू शकतात. गुन्हा कुठेही घडो, तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते, हे मराठीत आणि कन्नडमध्ये प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेलं हवं.

बायकांनी एकमेकींच्या पाठीशी उभं राहणं या मातीला नवं नाही. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायकांनी १९८० च्या आसपास संघटना बांधली, मजुरीसाठी आणि कामावरच्या छळाविरुद्ध त्या लढल्या. युगांतर या स्त्रियांच्या चित्रपट गटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. आज बचत गट, आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका असं जाळं गावोगाव आहे. ‘पोरगी पळून गेली’ ही बातमी पोलिसांच्या आधी त्यांच्या कानावर येते. त्या पहिल्या रात्री पळालेल्या जोडप्याइतकाच धोका मागे राहिलेल्या आईबहिणींना असतो. म्हणून त्याच रात्री ठाण्याला फोन करणं, मुलाच्या घरी दहा जणींनी जाऊन बसणं, सरपंचाला तिथे बोलावून घेणं, एवढं प्रत्येक गावाने आधीच ठरवून ठेवलं पाहिजे. वंटमुरीत एकटा माणूस मार खाऊन हरला. दहा जण असते तर ती आई खांबापर्यंत गेली नसती.